शेणव्याचा सुलतान कुणाचा?

"मॅडम, शेणव्याला या. बॉडी नाय, नुसती कातडी हाय."

वनपाल निमसे फोनवर प्रस्तावना करत नसत. डॉ. रंजिता विशे त्या वेळी मुरबाडजवळच्या एका पोल्ट्रीत कोंबडी उलटी धरून उभी होती. मुरबाडची जनावरांची डॉक्टर तीच. शहापूरची जागा रिकामी होती, म्हणून शहापूरचीही तीच. दोन तालुक्यांतल्या गाईम्हशींनी आजारी पडण्याचे वार आपसांत वाटून घ्यावेत, एवढीच सरकारची अपेक्षा होती.

"कुणाची कातडी?"

"तेच तुमी सांगायचंय. घोरपडीची म्हणलात तर केस माझी. परदेशी सरड्याची म्हणलात तर चोरी, म्हणजे पोलिसांची. आरोपी दोन्हीकडं एकच. संध्याकाळपर्यंत कोर्टात उभा करायचाय. तुमचा दाखला पायजे."

रंजिताने कोंबडी खाली सोडली. कोंबडी तक्रार करत निघून गेली. पोल्ट्रीचा तरुण मालक प्रज्वल तिच्यापुढे हात धुवायला पाणी घेऊन आला. सकाळचं लोडशेडिंग सुरू होतं. पण मागच्या शेडमागे जनरेटर धडधडत होता आणि दाराच्या फटीतून पिवळा उजेड येत होता.

"पिल्लं तर व्यापाऱ्याने उचलली ना? मग आत दिवे कशाला?"

"चुना मारलाय मॅडम. सुकवतोय."

डिझेल जाळून चुना सुकवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. पण पौषातली थंडी कडक होती, आणि मुरबाड तालुक्यात कोण काय का करतं हे विचारत बसलं तर डॉक्टरकी होत नाही. तिने स्कूटीला किक मारली.

*

हरेशशेठ पूर्वी नुसता हरेश होता. मुंबईकरांना शहापूरचे डोंगर 'व्ह्यू' म्हणून विकायला लागल्यापासून तो शेठ झाला. शेणव्यात त्याचा बंगला आणि कुंपणापलीकडे चुलतभाऊ सुदामचा बंगला. हरेशने बोअर मारली की सुदाम बोअर मारायचा. हरेशने दारात सिमेंटचे दोन सिंह बसवले, तेव्हा महिन्याभरात सुदामच्या दारात सिमेंटचे दोन हत्ती आले. हत्तींची तोंडं स्वतःच्या घराकडे नव्हती, सिंहांकडे होती.

मग हरेशने मुंबईहून इग्वाना नावाचा परदेशी सरडा आणला. हिरवागार, पाठीवर करवतीसारखे दाते, गळ्याखाली झालर आणि हातापेक्षा लांब शेपटी. त्याचं नाव सुलतान. सुदाम तिथे अडला. सिमेंटमध्ये त्याला उत्तर नव्हतं.

आता सुलतान नाहीसा झाला होता आणि वनखात्याच्या जीपमध्ये जैतू बसला होता. जैतू डोंगराकडच्या पाड्यावरचा. सुलतानला खायला घालणं आणि त्याची खोली धुणं हे त्याचं काम. त्याची बायको राही जीपच्या दांडीला धरून उभी होती. जणू ती धरून ठेवली की जीप हलणार नाही.

"शेवटचा कधी पाहिलात?" रंजिताने विचारलं.

"परवा संध्याकाळी," हरेश म्हणाला. "रात्री पार्टीबरोबर हायवेला जेवायला गेलो. काल सकाळी बघतो तर खोली रिकामी."

"कुलूप?"

"जागच्या जागी. चाव्या दोनच. एक माझी, एक ह्याची." त्याने जीपकडे हनुवटी केली.

"गालाला काय झालं?"

हरेशच्या कानापासून हनुवटीपर्यंत एकच सरळ, सुजलेला वळ होता.

"प्लॉटवर करवंदीची फांदी लागली. तुम्ही खोली बघा मॅडम. अंड्यांनी भुलवून नेलाय. पाड्यावरचे घोरपड अशीच काढतात."

सुलतानची खोली गच्चीच्या जिन्याखाली होती. हिरव्या टाइल्स, जाळीचं दार, चढायला वाळकी फांदी. गावातल्या बालवाडीपेक्षा बांधकाम बरं होतं. उंबऱ्यापासून पायरीपर्यंत अंड्यांची टरफलं पडली होती आणि बलक सांडून वाळला होता. फुटलेली, पण खाल्लेली नव्हती. छताला बल्बचा होल्डर लोंबकळत होता. बल्ब नव्हता.

"बल्ब कुठे गेला?"

"त्यानंच नेला असंल. मुंबईचा होता, उबेचा. खास त्याच्यासाठी आणलेला."

"निमसे, जैतूच्या पाड्यावर वीज आहे?"

"खांब आलेत," निमसे म्हणाले. "तारा यायच्यात."

मग निमशांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पुरावा काढला. वीतभर लांब, खवल्याखवल्यांची पट्टी. "जैतूच्या चुलीमागं सापडली. शेठच घेऊन गेले आमाला, म्हणाले इथंच शोधा."

रंजिताने ती उजेडासमोर धरली. पलीकडून तिला स्वतःची बोटं दिसली. पट्टीला रक्त नव्हतं, मांसाचा कण नव्हता, धुराचा वासही नव्हता. कोरड्या पापुद्र्यासारखी ती चुरचुरली.

"घोरपडच ना?" निमशांनी आशेने विचारलं. "ती पयल्या अनुसूचीत हाय. तीन वर्षांच्या खाली सुटका नाय. हा परदेशी मेला कुठल्याच यादीत नाय. मी सगळी पुस्तकं बघितली. आपल्या कायद्याला त्याची ओळखच नाय."

"बघ गो बाई," राही जीपजवळूनच म्हणाली. "आमी रानातली घोरपड धरली तं जेल. शेठनी दर्यापारची आणून कोंडली तं पेपरात फोटू. जनावर तं जनावरच ना?"

या प्रश्नाचं उत्तर वनखात्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. निमशांनी पिशवीची गाठ बांधली.

*

रंजिता जीपमध्ये जैतूसमोर बसली.

"जैतूभाऊ, सुलतान अंडी आवडीने खायचा?"

जैतू हसला. सकाळपासून पहिल्यांदा. "अंडा? नाय बाय. त्याचे दात पाल्याचे. शेवग्याचा पाला खातो, भोपळ्याचा फूल खातो, जास्वंद दिसली का डोला फिरवतो. घोरपडीसारखा दिसतो, पण बकरीच्या जातीचा हाय."

"तुम्हाला घाबरत नाही?"

"मला कशाला घाबरंल? बाकीच्यांनी हात घातला का शेपटीनं हाणतो. सपकन! मला नाय हाणत. खांद्यावर येऊन बसतो." त्याने रिकाम्या खांद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "थंडी लय हाय, बाय. बल्बाबिगर मरंल तो."

"मी तुज्या जामिनाचा इचार करतेय," राही म्हणाली, "अन् तू त्याच्या बल्बाचा."

*

सुदाम कुंपणाला टेकून उभा होता. चोरी दुसऱ्याकडे झाली याचा त्याला आनंद होता, पण गर्दीही दुसऱ्याकडेच झाली याचं दुःख मोठं होतं.

"माझ्यावर संशय घेताय ना? घ्या," तो म्हणाला. "सगळं गाव घेतंय."

"आवडत नव्हता तुम्हाला सुलतान?"

"का आवडावा? माणसं माझ्या दारावरनं जायची, माझे हत्ती बघायची नायत, अन् त्याचा सरडा बघायला थांबायची. सरडाच तो! अंडी खाऊन माजलेला."

"अंडी खायचा?"

"घोरपडी अंडीच खातात, तो काय भाकरी खाणारे? आणि नेऊन करायचाय काय मला? माझ्याकडं त्याच्यापेक्षा भारी चीज हाय. कासव. पाठीवर चांदण्या. सरड्यापुढं शंभर पटीनं शोभतं. पण ह्यांच्याकडं पेपरवाले येतात, माझ्याकडं कुत्रंसुद्धा येत नाय!"

निमशांनी सावकाश मान वळवली.

"पाठीवर चांदण्या?"

"हां! पिवळ्या."

"ते यादीत हाय," निमसे म्हणाले, आणि सकाळपासून त्यांच्या आवाजात पहिल्यांदा समाधान आलं.

सुदामच्या चेहऱ्यावरून रंग उतरायला थोडा वेळ लागला. "म्हणजे त्याच्या सरड्याला काय नाय, अन् माझ्या कासवाला केस?"

"त्याचा परदेशी हाय. तुमचं इथलं."

"इथंसुद्धा तोच पुढं!" सुदाम म्हणाला आणि हत्तीच्या सोंडेवर बसला.

*

हरेशची बायको देवकीवहिनी स्वयंपाकघरात होती. बोलायला तयार नव्हती, आणि म्हणून बरंच बोलली.

"मी नेला म्हणतील उद्या. न्यायलाच हवा होता मी. इन्व्हर्टरवर दोन गोष्टी चालतात. एक त्याचा बल्ब आणि एक ह्यांचा टीव्ही. मी मेणबत्तीच्या उजेडात चपात्या लाटते. भाजी आणली की आधी कोवळी पानं त्याची, राहिली तर आमची."

"अंडी कुठून येतात तुमच्याकडे?"

"माझ्या भावाकडून. मुरबाडला पोल्ट्री आहे ना प्रज्वलची. ट्रे भरून पाठवतो."

रंजिताचा हात पाण्याच्या पेल्यावर क्षणभर थांबला.

"शेठ परवा रात्री केव्हा आले?"

"झोपले होते मी. सकाळी उठून बघते तर गालावर हे एवढं. विचारलं तर म्हणाले फांदी. हॉटेलात कसली फांदी, देव जाणे. मी तर वेगळंच समजले होते." तिने लाटणं जरा जोरात ठेवलं.

दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ताजमहाल, दोन बाहुल्या आणि जॅमची एक स्वच्छ रिकामी बाटली होती.

"ह्यात काय असतं?"

"त्याची साल. तो टाकतो ना अंगावरची, तुकड्यातुकड्यांनी. पाहुणे आले की हे काढून दाखवतात." देवकीने जवळ येऊन पाहिलं. "अगोबाई. रिकामी कशी?"

भिंतीवर पेपरातलं कात्रण फ्रेम करून लावलं होतं. फोटोत सुलतान एका खांद्यावर बसलेला. कोणाच्या, ते दिसत नव्हतं, कारण बरोबर त्या जागी एक कॅलेंडर लटकत होतं. रंजिताने कॅलेंडर बाजूला केलं. खाली जैतू होता, तोंडभर हसत. हरेश फोटोच्या कडेला होता. सफारी सूट, आणि अर्धा चेहरा. खाली छापलं होतं: 'शेणव्याचा सुलतान आणि त्याचा मित्र जैतू.'

तिने कॅलेंडर पुन्हा होतं तसं लावलं.

*

"सगळे आत या," ती म्हणाली. "जैतूलाही आणा. दाखला देते."

निमसे, हरेश, देवकी, सुदाम सोफ्यांवर बसले. जैतू आणि राही दारात उभे राहिले. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही, म्हणून रंजिताही उभीच राहिली.

"दाखला असा. ही कातडी घोरपडीची नाही. इग्वानाचीच आहे."

"म्हणजे खाल्लाच त्यानं!" हरेश म्हणाला.

"पण ही सोललेली कातडी नाही. ही टाकलेली कात आहे. सोललेल्या कातडीला मांस चिकटतं, रक्त लागतं, ती जाड असते. हिच्यातून माझी बोटं दिसतात. म्हणजे या तुकड्यासाठी कोणीही मेलेलं नाही. अशी साल फक्त या शोकेसमधल्या बाटलीत होती, आणि ती बाटली आज रिकामी आहे."

"जैतू घरात येतो," हरेश म्हणाला. "त्यानं काढली असंल."

"आपल्याच चुलीमागे लपवायला? बरं, अंड्यांकडे येऊ. सुलतान अंडी खात नाही. तो पाला आणि फुलं खातो. अंड्यांनी भुलवायचं हे फक्त त्यालाच सुचेल, ज्याने त्याला कधी भरवलेलंच नाही. म्हणजे जैतू नाही. पाला निवडून देणाऱ्या वहिनी नाहीत. उरले दोघं."

सुदामने हरेशकडे पाहिलं. हरेशने सुदामकडे. दोघांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणालाही दुसऱ्याच्या पुढे जायचं नव्हतं.

"बघा! मी म्हणलं नव्हतं? हा जळतो माझ्यावर!" हरेश ओरडला.

"जळतात," रंजिता म्हणाली. "पण सुदामभाऊंना सरडा नको होता. ज्याला तो नको असेल, तो त्याचा उबेचा बल्ब बरोबर नेणार नाही. थंडीने आपोआप मेला असता. बल्ब नेला, म्हणजे नेणाऱ्याला तो जिवंत हवा होता. फक्त इथे नको होता. आणि शेठ, करवंदीला काटे असतात. ती लागली की बारीक ओरखडे उठतात. तुमच्या गालावर एकच सपाट वळ आहे. सुलतान घाबरला की शेपटीने सपकन हाणतो. जैतूला कधी हाणत नाही. बाकी कोणालाही हाणतो."

देवकीने नवऱ्याच्या गालाकडे असं पाहिलं, जणू एक शंका फिटली आणि दुसरी जास्त लाजिरवाणी निघाली.

"हे सगळं अंदाज हायेत," हरेश म्हणाला.

"हो. म्हणून एक फोन करते."

तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. हरेश अर्धा उठला. निमशांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पलीकडून जनरेटरचा आवाज आला, मग प्रज्वलचा.

"बोला मॅडम."

"प्रज्वल, डॉक्टर म्हणून विचारते. मागच्या शेडमधला तो पाहुणा खातोय का काही?"

पलीकडे जनरेटर धडधडत राहिला. मग सुटकेचा निःश्वास.

"बरं झालं तुमीच विचारलंत. दाजी म्हणाले कुणाला बोलू नको, पण तुमी डॉक्टर. परवा रात्रीपास्नं उपाशी हाय वो! अंडी ठेवली, उकडून ठेवली, बुर्जी करून ठेवली. वासच घेत नाय. सारखा दाराकडं बघत बसतो. मेला तर दाजी मला सोडायचे नायत."

"पाला घाल. शेवग्याचा. आणि गाडीत बल्बसकट घेऊन ये."

तिने फोन बंद केला.

*

हरेश खाली फरशीकडे बघत बोलायला लागला.

"माझा हाय तो," तो म्हणाला. "आणला मी. खोली मी बांधली. टाइल्स माझ्या, बल्ब माझा. पेपरवाला यायचा होता तर सफारी शिवून घेतला. मी हात पुढं केला, तर मेला सरसर जाऊन कुणाच्या खांद्यावर बसला? आणि पेपरात काय आलं? मित्र जैतू! एसटीत लोक म्हणतात, जैतूचा सुलतान. मी कोण? मी बंगल्याचा मालक! म्हणलं, चार दिवस मुरबाडला ठेवतो. जैतू इथनं गेला, की येईल माझ्याकडं. दुसरं कोण असणारे त्याला?"

"जैतू कुठे जाणार होता?" रंजिताने विचारलं.

उत्तर हरेशच्या आधी राहीने दिलं. आजवर ती त्याला 'तुमी' म्हणत आली होती.

"जेलात. तीन वर्षं. एक सरडा तुज्या खांद्यावर बसावा म्हणून तू माज्या माणसाला जेलात घालत होतास."

निमशांनी कागद बदलला. जैतूच्या नावाचा खाली गेला, कोरा वर आला. खोटी तक्रार आणि खोटा पुरावा हे पोलिसांचं काम होतं, तरी पहिला जबाब आपणच लिहायचा हे त्यांनी ठरवलं. कासवासाठी खोका मागवला. सरड्याबद्दल मात्र त्यांनी पुन्हा एकदा पुस्तक चाळलं आणि मिटलं.

"जप्त करता येत नाय. कस्टमवाल्यांना मुंबईला पत्र लिहितो. हा आला कुठल्या वाटेनं, ते त्यांनी बघावं. उत्तर येईपर्यंत कुणाच्या तरी ताब्यात द्यावा लागंल." ते दाराकडे वळले. "जैतू, नेतोस?"

सगळ्यांनी जैतूकडे पाहिलं. हरेशनेही पाहिलं. त्या नजरेत अजूनही तोच मत्सर होता, ज्याने परवा रात्री कुलूप उघडलं होतं.

जैतूने बराच विचार केला.

"आमच्याकडं तारा नाय आल्या," तो म्हणाला. "मरंल तो. हितंच राहू द्या."

"मग तू उद्या येशील ना?" हरेशने घाईघाईने विचारलं. "पगार वाढवतो. जैतू, काय म्हणशील ते."

"नाय शेठ. तुमाला पायजे होता ना तुमचा? घ्या आता."

दुपार कलता कलता मुरबाडहून जीप आली. प्रज्वलने पिंजरा उतरवला. सुलतान फिका पडला होता, पण डोळे उघडे होते. रंजिताने त्याचं तोंड, पोट, शेपटी तपासली आणि खरा दाखला लिहिला: जिवंत, अशक्त, उपाशी. जैतू हे सगळं रस्त्याच्या पलीकडून बघत होता. जवळ आला नाही. आला असता तर सुलतान खांद्यावर चढला असता, आणि मग जैतूला जाता आलं नसतं.

राही पुढे निघाली. जैतू तिच्या मागे.

हरेशने एका हातात पाल्याची जुडी आणि दुसऱ्या हातात जास्वंदीचं फूल धरलं होतं. देवकीने ते दोन्ही त्याच्या हातात कोंबलं होतं आणि ती आत निघून गेली होती. त्याने फूल सुलतानसमोर धरलं. सुलतानने शेपटी हलवली. हरेश दोन पावलं मागे सरला आणि गालावर हात ठेवून त्याने रस्त्याकडे पाहिलं.

"जैतू!" तो ओरडला. "अरे, जास्वंद सकाळी घालायची का संध्याकाळी?"

जैतू थांबला. राहीने त्याचं मनगट धरून ओढलं. तो हलला नाही. वळलाही नाही.

"सकाली," तो म्हणाला. "अन् देठ काढून."

मग तो पाड्याच्या वाटेला लागला.